दोन नगरपालिका आणि एक गिअर

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाने काय सांगायचं, हे आमच्या गावात ठरून गेलेलं आहे. रस्ते गुळगुळीत, हॉर्न कोणी वाजवत नाही, दूध आठ-आठ दिवस नासत नाही, आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या एकट्या गाडी चालवत दवाखान्यात जातात. मी परत आले तेव्हा शेजारच्या बायका हेच ऐकायला जमल्या होत्या आणि मीही हेच सांगितलं. सगळं खरंच आहे. पण आम्ही तिथे रस्ते बघायला गेलो नव्हतो. ज्या कामासाठी गेलो ते झालं नाही, आणि ते न होण्यात माझा हात सगळ्यात मोठा होता. कोणी हौसेने वाचायला घेतलं असेल तर आधीच सांगते, यात नायगारा नाही.

आमची नगरपालिका 'क' वर्गाची. मी तिथल्याच शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले त्याच वर्षी आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, आणि पक्षाला दुसरी शिकलेली बाई वेळेवर सापडेना, म्हणून मी नगरसेविका झाले. माझा पक्ष विरोधात. सत्तेत आबा, म्हणजे आमचे नगराध्यक्ष. आबांचं मूळ दुकान मोटार रिवाइंडिंगचं. त्यांच्या धाकट्या मुलीला मी शिकवलेलं, त्यामुळे सभागृहात एकमेकांवर तोंडसुख घेऊन झालं की बाहेर जिन्यात ते मला 'बाई, घसा बसला असंल, च्या घ्या' म्हणायचे. तेवढाच आमचा राजकीय सुसंवाद.

गावात पाणी शुद्ध करायचं नवं केंद्र आहे. टाक्या निळ्या रंगवलेल्या, वर मोठी पाटी. पण ते चालवायचं कसं, हे चालवणाऱ्यांना कोणी नीट शिकवलेलंच नाही. ब्लिचिंग पावडर भाजीत मीठ घालावं तशी अंदाजाने पडते. माझा वॉर्ड पाइपाच्या शेवटच्या टोकाला. दर पावसाळ्यात तिथे कावीळ ठरलेली. २००६च्या पावसाळ्यात माझ्या वॉर्डातली एक सात वर्षांची मुलगी त्यात गेली. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आजीने मला तांब्याभर पाणी पुढे केलं, आणि मला ते पिता येईना. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात केतकीची ईमेल आली. केतकी माझी विद्यार्थिनी, लग्न होऊन अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावी गेलेली. नवरा मंदार गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. तिचा व्हिसा नवऱ्याच्या जिवावरचा, नोकरी करता येत नाही, म्हणून ती शेजारच्या एका छोट्या गावाच्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जायची. तिथे तिची जोन नावाच्या बाईंशी ओळख झाली. जोन त्या गावाच्या नगरसेविका. बोलता बोलता केतकीने आमच्या पाण्याची रड सांगितली, आणि जोनबाईंनी ती मनावर घेतली. दोन गावांनी 'सिस्टर सिटी', म्हणजे बहिणी-बहिणी, व्हायचं, आमचे पाणीपुरवठ्याचे दोन कर्मचारी त्यांच्या केंद्रात सहा आठवडे राहून शिकणार, त्यांचा माणूस आमच्याकडे येऊन बघून जाणार, असा ठरावाचा मसुदा वर्षभर इकडून तिकडे फिरला. शेवटी २००७च्या ऑक्टोबरात त्यांच्या सभेत तो मंजुरीला यायचा ठरला, आणि आम्हाला बोलावणं आलं. चौघांनी अर्ज केले, व्हिसा दोघांना मिळाला. आबांना आणि मला. गावात चर्चेला विषय मिळाला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला ते दोन कर्मचारी तिकडे पाठवायचे होते.

भेटवस्तू काय न्यायची, हा प्रश्न आला तेव्हा मी पुढे झाले. तोच पितळी गणपती, तीच पैठणीची चौकट नको, म्हणाले. त्या गावाचं नाव पत्रात पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला आठवलं होतं की हे नाव मी कुठेतरी पाहिलंय. आमच्या औद्योगिक वसाहतीत नवा गिअरचा कारखाना झाला, त्याच्या कुंपणालगत लाकडी खोक्यांच्या फळ्या पडून होत्या आणि त्यावर काळ्या रंगात तेच नाव होतं. मी जाऊन मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "हो बाई, सगळी मशिनं तिथलीच. सेकंडहँड, पण एक नंबर." मला इतका आनंद झाला की काय सांगू. हजारो मैलांवरचं गाव आणि आमचं आधीच नातं! मी त्याच्याकडून त्या मशिनवर निघालेल्या पहिल्या खेपेतला एक गिअर मागून घेतला. चांगला पॉलिश केलेला, शिसवी फळीवर बसवलेला, खाली पितळी पट्टी.

आबांचं भाषणही मीच लिहून दिलं. आपल्याकडे लेक सासरी गेली की तिच्या हातचा पहिला जिन्नस माहेरी धाडतात. तसंच, तुमच्या लेकी आमच्याकडे नांदायला आल्या आहेत, सुखात आहेत, त्यांच्या हातचं हे पहिलं फळ माहेरी घेऊन आलो आहोत. आबांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, डोळ्यात पानी आनलंत." आम्ही दोघेही तेव्हा अगदी प्रामाणिक होतो.

नोव्हाय

डेट्रॉइटच्या विमानतळावर दोन गोष्टी झाल्या. आबांच्या बॅगेचं एक चाक निखळलं, आणि सत्कारासाठी आणलेले दोन नारळ तपासनिसाने ठेवून घेतले. गिअर त्याने उलटापालटा करून बघितला. "गिफ्ट," आबा म्हणाले. त्याने जाऊ दिलं. नारळ अडवला आणि गिअर सोडला. उलटं झालं असतं तर बरं झालं असतं.

मंदार न्यायला आला होता. मूळचा नागपूरचा, हसरा, पण हसू तोंडावर फार वेळ टिकत नव्हतं. गाडीत मी कामाचं विचारलं.

"ठीक आहे काकू. म्हणजे ठीकच म्हणायचं. आमच्या ग्रुपमधून गेल्या महिन्यात चार जणांना लेऑफ केलं यार. सकाळी बॅज स्वाइप केला की दार उघडते का, तेच बघतो आधी."

त्यांचं घर टुमदार, मागे अंगण, अंगणात पानं गळत चाललेली झाडं. आकाश सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच रंगाचं, धुतलेल्या ॲल्युमिनिअमच्या पातेल्यासारखं. केतकीने वरण-भात, मेथीची भाजी केली होती. मेथी इंडियन स्टोअरची, गोठवलेली. तिची आठ वर्षांची सई माझ्या पाया पडली आणि मी मराठीत काहीही विचारलं की इंग्रजीत उत्तर देऊ लागली. "सई, आजींना मराठीत सांग ना," केतकी म्हणायची. "आय ॲम टेलिंग हर, आई," सई म्हणायची. मला त्या पोरीची गंमत वाटली. आपल्याकडे पाहुण्यांसमोर मूल इंग्रजी बोललं की आया फुगतात, इथे आई ओशाळी होत होती.

त्यांच्या रस्त्यावर सात घरं. तीन घरांपुढे विक्रीची पाटी. एका रिकाम्या घराच्या पायरीवर कोणीतरी सणाचा लाल भोपळा आणून ठेवला होता. मी विचारलं, रिकाम्या घराला कशाला? केतकी म्हणाली, "बाई, शेजारीण ठेवते. घर रिकामं आहे हे कळू नये म्हणून." दुपारी आम्ही तिच्याबरोबर शेंडी नसलेले दोन नारळ विकत आणले.

"बाई, गिफ्ट काय आणलंय?" तिने वाटेत विचारलं. "मला दाखवा ना आधी. भाषण मला ट्रान्सलेट करायचंय."

"उद्या सगळ्यांबरोबर बघ," मी म्हणाले. शिक्षकाची खोड. प्रयोगाचा निकाल आधी सांगायचा नाही. तेव्हा बॅग उघडली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण केतकीला सगळं माहीत होतं.

जोनबाईंचं गाव

दुसऱ्या दिवशी जोन स्वतः आम्हाला न्यायला आल्या. साठी उलटलेली, उंच, पांढरे केस कापलेले, अंगात साधा स्वेटर. गाडी त्यांची स्वतःची, चालवणाऱ्याही त्याच. शिपाई नाही, मागे गाडी नाही, बोर्ड नाही. आबांनी बरोबर आलेल्या केतकीला तीनदा विचारलं, "ह्या खरंच नगरसेविका हायेत ना?" वाटेत जोनबाईंनी आणखी एक धक्का दिला. त्यांच्या गावच्या निवडणुकीत पक्षच नसतो. चिन्ह नाही, झेंडा नाही. माणसाने आपल्या नावावर उभं राहायचं. येत्या नोव्हेंबरात त्या पुन्हा उभ्या होत्या. आबा मला म्हणाले, "आपन दोघं असं उभं राहिलो तर एकाच बाजूला असू न्हाई का, बाई?" मला हसू आलं, पण त्यांनी ते हसण्यावारी म्हटलं नव्हतं.

गावात शिरताना उजव्या हाताला एक लांबच लांब इमारत लागली. समोर आमच्या बाजारतळाच्या पाचपट मोकळी जागा, त्यातल्या फटींतून गवत वर आलेलं. भिंतीवरची नावाची अक्षरं काढून नेलेली, त्यांच्या जागी फिकट डाग.

"प्लांट बंद झाला," केतकी हळूच म्हणाली. जोन समोर बघत गाडी चालवत राहिल्या.

त्यांचं पाण्याचं केंद्र बघितलं. इमारत आमच्यापेक्षा जुनी, रंग उडालेला. पण एक माणूस दर तासाला पाण्याचा नमुना काढून तपासत होता आणि भिंतीवरच्या तक्त्यात पेन्सिलीने लिहीत होता. बाहेरच्या नळाचं पाणी त्याने मला प्यायला दिलं. मी ते उभ्या उभ्या प्याले आणि मला रडू आलं. त्या माणसाला वाटलं पाण्याला वास आला. मी त्याला म्हणाले, माझी दोन माणसं येतील, त्यांना फक्त हे एवढं शिकवा, हे तासातासाला बघणं. तो म्हणाला, "पाठवा. पहिल्या आठवड्यात जमेल त्यांना." इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी जोनकडे जेवण. सहा वाजता! आपल्याकडे तेव्हा दुसरा चहा होतो. माझ्यासाठी त्यांनी चीज घातलेली मॅकरोनी, उकडलेल्या शेंगा आणि भोपळ्याचा गोड पाय केला होता. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेला गोड भोपळा, जवळजवळ आपले घारगेच, फक्त दालचिनी फार. त्यांचा नवरा वॉल्ट टेबलाच्या टोकाला बसला होता. जाडजूड मनगटं, बोलणं जवळजवळ नाहीच. जेवणाआधी त्याने डोळे मिटून प्रार्थना म्हटली, त्यात आमच्या गावाचं नाव घेतलं. उच्चार चुकला, पण घेतलं.

आबांच्या बॅगेचं चाक मोडल्याचं केतकीने सांगितलं तसा तो उठला आणि आबांना हाताने खुणावून गॅरेजमध्ये घेऊन गेला. अर्ध्या तासाने मी डोकावले. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली आणि हत्यार बरोबर तिथेच लटकवलेलं. वॉल्ट छोट्या लेथवर एक पिन कातत होता आणि आबा टॉर्च धरून वाकले होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. आबा मराठीत म्हणायचे, "थोडं आनखी घ्या," आणि वॉल्ट थोडं आणखी घ्यायचा.

"वॉल्ट प्लांटमध्ये होता," जोन मला भांडी विसळताना म्हणाल्या. "गेल्या वर्षी वसंतात बंद झाला. तो त्याबद्दल बोलत नाही."

"कसला प्लांट?" मी विचारलं.

"गिअरचा."

आणि मी, एकतीस वर्षं मुलांना कार्यकारणभाव शिकवलेली बाई, मनातून आनंदले! म्हणजे यांच्या घरातलाच माणूस त्या मशिनवर बसलेला. उद्या त्याचं मशीन सुखात आहे हे त्याला कळेल, किती बरं वाटेल त्याला, असं मी मनात म्हणत होते. दिल्या घरी लेक सुखी आहे असं ऐकून आपल्याकडे बापाच्या जिवाला जे वाटतं, ते. मी तो गिअर त्याच्या हातात कधी पडतो याची वाट बघू लागले. हे आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

सभागृह

सभा संध्याकाळी सात वाजता. सभागृह आमच्यापेक्षा लहान. सात सभासद, त्यातच महापौर. आधी सगळ्यांनी देशाच्या झेंड्यापुढे उभं राहून छातीवर हात ठेवून शपथ म्हटली. मग जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या सर्वसाधारण सभेत सभासद ओरडतात आणि प्रेक्षक गॅलरीत गप्प बसतात, कोणी खोकला तरी शिपाई डोळे वटारतो. इथे सभासद गप्प बसले आणि लोक बोलायला लागले. कोणीही यावं, आपलं नाव आणि पत्ता सांगावा, तीन मिनिटं बोलावं. समोर दिवा. हिरवा, मग पिवळा, लाल झाला की थांबायचं. एकाने पाचोळा उचलला जात नाही म्हणून सांगितलं. एका म्हातारीने कुत्र्यांबद्दल. महापौरांनी प्रत्येकाचे आभार मानले. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, आपल्याकडं ह्ये चालू केलं तर पहाट हुईल."

गॅलरी भरली होती. जोनने सांगितलं होतं की लोक पाहुण्यांना बघायला येतील. वॉल्ट तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या आजूबाजूला त्याच वयाचे, त्याच मनगटांचे बरेच जण.

ठरावाच्या आधी आमचा सत्कार-समारंभ. आबांनी महापौरांना शाल पांघरली, नारळ दिला. लोक हसले, टाळ्या वाजल्या, वातावरण मोकळं झालं. जोनलाही शाल दिली, ती त्यांनी खांद्यावर तशीच ठेवली. मग आबांनी कागद उलगडला आणि केतकी शेजारी उभी राहिली. पहिली चार वाक्यं सुरळीत गेली. मग आबा म्हणाले, "तुमच्या लेकी आमच्याकडं नांदायला आल्या हायेत," आणि खोका महापौरांपुढे ठेवला. महापौरांनी त्यावरचा कागद फाडून गिअर बाहेर काढला.

केतकी थांबली.  आबांना वाटलं तिला शब्द आठवेना.

"सांग की पोरी," ते प्रेमाने म्हणाले. "घाबरू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून, सांग सांग, अशी खूण केली. तिने सांगितलं. खाली मान घालून, एका सुरात, सगळं. ही तुमच्या प्लांटची मशिनं, आमच्या गावात आहेत, छान चालली आहेत, हा त्यांचा पहिला गिअर.

 मी टाळ्यांची वाट बघत होते. नंतर माझी नजर लोकांच्या चेहऱ्यांवर गेली आणि मला समजलं. आम्ही लेक म्हणत होतो, आणि त्यांच्या लेखी आम्ही त्यांच्या घरातून गेलेलं जेवणाचं ताट त्यांनाच परत दाखवत होतो, वर चांगलं लागलं म्हणून सांगत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.  पितळी पट्टीवर मीच कोरून घेतलेली 'प्रेमपूर्वक' ही अक्षरं तिथून मला वाचता येत होती.

वॉल्ट उठला आणि बोलायच्या जागी आला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. हिरवा दिवा लागला. त्याने महापौरांना तो गिअर मागितला. फळीसकट हातात घेऊन त्याने अंगठा दातांवरून एकदा फिरवला, मग खिशातून चष्मा काढून बघितलं. केतकी माझ्या शेजारी येऊन पुटपुटत मराठीत सांगत होती, तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"हे तिसऱ्या रांगेतलं शेवटचं मशीन," वॉल्ट म्हणाला. "सकाळी गार असतं तेव्हा ते जरा जास्त कापतं. इथे दिसतंय. तुमच्या माणसाला सांगा, आधी अर्धा तास रिकामं चालव म्हणावं. म्हणजे नीट चालेल."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. गिअर परत ठेवला आणि जागेवर न जाता दाराबाहेर गेला. दिवा अजून हिरवाच होता.

त्यानंतर एक बाई बोलल्या. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की माझ्या घरापुढे पाटी लागली आहे, आणि आज संध्याकाळी मला इथे हे बघायला नको होतं. मग विषय पुकारला गेला. जोन शाल सावरत उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठराव मांडला. तो मशिनांबद्दल नाही, पाण्याबद्दल आहे, लहान मुलांच्या पाण्याबद्दल आहे, एवढंच त्या बोलल्या. आवाज स्थिर होता.

"अनुमोदन?" महापौरांनी विचारलं.

सूचक, अनुमोदक हे शब्द आमच्या रोजच्या पोटापाण्याचे. आमच्याकडे अनुमोदक म्हणून नाव लागावं यासाठी माणसं भांडतात. इथे बाकीचे पाच जण समोरच्या कागदांकडे बघत बसले. महापौरांनी पुन्हा विचारलं. जोन उभ्याच. तिसऱ्यांदा विचारून त्यांनी सांगितलं की अनुमोदनाअभावी ठराव निकालात निघाला आहे. मतदानसुद्धा झालं नाही. पुढचा विषय पाचोळ्याचा होता.

परतीचा दिवस

सकाळी जोन नोव्हायला निरोपाला आल्या. केतकीने चहा ठेवला आणि सईला घेऊन आत गेली. मी माझ्या इंग्रजीत माफी मागितली.

"तुम्हाला माहीत नव्हतं," जोन म्हणाल्या.

इथे मान डोलावली असती तर सुटले असते. पण त्या बाईसमोर खोटं बोलवेना. "माहीत होतं," मी म्हणाले. "मशिनं इथली आहेत हे मला माहीत होतं. म्हणूनच आणलं. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल."

त्यांनी कप बाजूला ठेवला. "वॉल्ट म्हणाला, त्यांनी मुद्दाम केलं असतं तर रागावता तरी आलं असतं," त्या म्हणाल्या. "तो गॅरेजमध्ये आहे. आतून कडी लावली आहे."

निघताना त्यांनी मला मिठी मारली. मला सवय नाही, मी ताठ उभी राहिले, त्याचंही आता वाईट वाटतं. विमानात आबा माझ्या शेजारी होते.  "त्यो मानूस काय कारागीर हाय बाई," म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड केलं. नोव्हेंबरात मंदारची ईमेल आली. जोन निवडणूक हरल्या होत्या. त्याच ईमेलमध्ये खाली, सकाळी दार उघडत नाही असा दिवस त्याच्याही वाट्याला आल्याचं लिहिलं होतं.

गाव

आल्यावर मी कारखान्यात गेले आणि वॉल्टचा निरोप सांगितला. मशिनवरच्या माणसाने तो नीट ऐकून घेतला. दोन देशांत झालेलं तांत्रिक सहकार्य एवढंच.

सर्वसाधारण सभेत माझ्याच पक्षाने दौऱ्याचा विषय काढला. गावाची अब्रू परदेशात घालवली, नगराध्यक्षांनी उत्तर द्यावं, असा गदारोळ. बाकं वाजली. आबा उठले. मला वाटलं आता ते माझ्याकडे बोट दाखवतील, आणि दाखवायलाच हवं होतं.

"कल्पना माझी व्हती," आबा म्हणाले. "बाईंनी नको म्हनलं व्हतं. मी ऐकलं न्हाई."

मी उठायला टेबलावर हात टेकला. तेवढ्यात आमच्या गटनेत्याची चिठ्ठी आली, 'गप्प बसा.' आणि मी गप्प बसले. चिठ्ठी आली नसती तर उठले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण पटत नाही. आबांना पुढच्या आठवड्यात जिन्यात गाठलं तर म्हणाले, "असू द्या बाई. तुमचा वॉर्ड हाय. मला काय, दुकान हाय." त्यानंतर ते पुन्हा नगराध्यक्ष झाले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये पाणी गढूळ यायला लागलं. सकाळी मी वॉर्डात फेरी मारत होते. नळावर शेवटच्या गल्लीतली सुमन होती. तिची धाकटी पोर चार दिवस अंथरुणाला, डोळे पिवळे. सुमनने घागर नळाखाली ठेवली आणि म्हणाली, "आबांनी तिकडं घोळ घातला म्हणून ती शिकवणारी मान्सं आली न्हाईत म्हनं, बाई."

"आबांनी नाही घातला," मी म्हणाले. "मी घातला. ती वस्तू मी नेली होती. सगळं माझ्यामुळे फिसकटलं."

सभागृहात जे तोंडातून निघालं नव्हतं ते असं नळावर निघालं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान माझ्याकडे बघेल. तिने ओंजळीत पाणी घेतलं, उजेडाकडे करून बघितलं आणि सोडून दिलं.

"बरं," ती म्हणाली. "मग ह्ये पानी पोरीला द्यू का नको?"

उकळून दे, असं मी सांगितलं. दर वर्षी हेच सांगते.